रोबोटचं कूळ

ज्याला शब्दाचं कूळ कळलं त्याला माणसाचं काळीज कळलं, असं मी बरीच वर्षं मानत आलो. हे वाक्य मी एकदा व्याख्यानात ऐकवलं आणि एकदा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कॅबमध्ये शेजारच्या प्रवाशाला. व्याख्यानात टाळ्या पडल्या. प्रवाशाला झोप लागली. आता वाटतं, दोन्हींपैकी प्रवाशाचाच प्रतिसाद जास्त विचारपूर्वक होता.

मी चाकणच्या पट्ट्यात, निघोजेच्या अंगाला असलेल्या एका कारखान्यात काम करतो. आमच्याकडे गाडीच्या सीटचे लोखंडी सांगाडे वेल्ड होतात. मला वेल्डिंग येत नाही. मी प्रशिक्षण विभागात आहे. जर्मन मॅन्युअलांचं मराठी करणं, शॉपवरच्या सुरक्षेच्या पाट्या लिहिणं आणि समारंभ असला की प्लँट हेडचं भाषण लिहिणं ही माझी कामं. समारंभांची टिंगल मी घरी येऊन करतो. भाषणं मात्र वेळेत देतो.

लाइनवर एक वेल्डर होता. बीड जिल्ह्यातून आलेला, बावीस वर्षं आमच्याकडेच. सगळे त्याला मामा म्हणायचे, त्याच्याहून मोठे दोघेजणसुद्धा. सहा नंबरचं स्टेशन त्याचं. सांगाड्याचा जो सांधा बाहेरून दिसतो तो त्याच्याकडेच यायचा, कारण त्याच्या वेल्डवर ग्राइंडर फिरवावा लागत नसे. वेल्डची शिवण कशी दिसावी हे नव्या माणसाला समजावायचं असलं की सुपरवायझर बोलत बसत नसे. मामाचा एखादा पीस आणून टेबलावर ठेवायचा.

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर रोबोट आला. दोन लाकडी खोकी, वर जर्मन आणि इंग्रजीत सूचना. त्याच आठवड्यात माझ्याकडे भाषांतराला कागद आले. त्यांत मांडणीचा एक नकाशा होता आणि त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक टीप होती. दुसऱ्या टप्प्यात हाताने वेल्डिंग करायची स्टेशनं तीन ते आठ काढून घ्यायची. मी तिचं मराठी केलं. ‘काढून घ्यायची’ की ‘हटवायची’ यावर पाच मिनिटं विचार केला. स्टेशनवर माणसं असतात हा विचार त्या पाच मिनिटांत कुठेच आला नाही. तो संध्याकाळी, बसमध्ये आला. तोवर कागद वर गेले होते आणि त्यांच्यावर ‘गोपनीय’ असा शिक्का होता. तो शिक्का मला बराच सोयीचा वाटला.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात मामा कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलाशी आला.

“सर, बसू का?”

“बसा की मामा.”

त्याने ताट ठेवलं, पोळीचा तुकडा मोडला आणि खाल्ला नाही. “भोसरीवाला जबाब मागायलाय. दसऱ्यापर्यंत म्हणतोय.”

भोसरीवाला म्हणजे त्याचा जुना सोबती. पूर्वी याच लाइनवर होता, आता भोसरीत त्याचं स्वतःचं फॅब्रिकेशनचं शेड होतं. त्याला फोरमन हवा होता, आणि मामाच हवा होता. हे सगळ्या लाइनला माहीत होतं. पगार जवळजवळ तितकाच, पण शेड लहान, कंपनीची बस नाही, कॅन्टीन नाही. बावीस वर्षांची नोकरी सोडून तिथे जायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

“मग काय ठरवलंत?”

“तेच.” त्याने इकडेतिकडे पाहिलं. “ते खोक्यातलं आलंय ना. रोबोट रोबोट म्हणायलेत सगळे. तुम्ही त्यांचे कागद वाचता. त्याचा अर्थ काय असतोय वो, सर?”

त्याला काय विचारायचं होतं हे मला कळलं होतं. कागदात काय आहे, हे तो विचारत होता. पण मला अडचणीत टाकायचं नाही, म्हणून त्याने सभ्यपणे शब्दाचा अर्थ विचारला. मोठ्या माणसाकडे काम असलं की आधी त्याच्या गुडघेदुखीची चौकशी करावी, तशातला प्रकार. हे सगळं मला त्याच क्षणी कळलं होतं. नंतर उमगलं असं म्हणायची सोय मला नाही.

पण तेरा वर्षांत त्या कंपनीत मला कुणी एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला नव्हता. आणि विचारला तो नेमका या शब्दाचा, ज्याच्यावर मी वहीची चार पानं भरून ठेवली होती.

मी चमचा खाली ठेवला आणि सुरू झालो.

म्हटलं, मामा, हा शब्द फार जुना नाही. शंभरेक वर्षांपूर्वी एका चेक नाटकासाठी घडवलेला आहे. पण ज्याच्यापासून घडवला तो ‘रोबोटा’ मात्र फार जुना. गंमत अशी की तो सगळ्या शेजाऱ्यांकडे आहे आणि प्रत्येकाकडे त्याचा चेहरा निराळा. स्लोव्हाक माणसाला रोबोटा म्हणजे साधं काम. पोलिश माणसालाही कामच, पण जरा घरगुती सुरात, आपण ‘चला, कामधंद्याला लागू’ म्हणतो तसं. रशियात ‘राबोता’, तेही काम. बल्गेरियात तर काम आणि वस्तू दोन्हींना तोच शब्द चालतो.

“आन् चेक लोकांत?” मामाने विचारलं. तो नीट ऐकत होता.

चेकमध्ये रोबोटा म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतात कुळाने आठवड्याचे ठरलेले दिवस फुकट राबायचं, ते. ऑस्ट्रियाच्या बादशाहीत जर्मन बोलणारेसुद्धा त्या वेठीला ‘रोबोट’च म्हणत. रशियनमध्ये त्याच घरातला ‘राब’ म्हणजे गुलाम.

“वेठबिगार म्हणा की.”

“तेच. आपली वेठ संस्कृतातल्या ‘विष्टि’वरून आली आणि बिगार फारसीतून. दोन भाषांनी मिळून एकच हाल सांगितलेत.”

“मग ह्यात वेठ कुणाची, सर? त्या मशीनची, का आमची?”

मी हसलो. प्रश्न चांगला होता, असं मी त्याला म्हणालोसुद्धा. विद्यार्थ्याला म्हणावं तसं. आणि पुढे गेलो, कारण माझा आवडता भाग पुढे होता.

जर्मनमध्ये काम म्हणजे ‘आर्बाइट’. तोही या कुळातलाच मानतात. जुन्या गॉथिक भाषेत त्याचा भाऊ होता, त्याचा अर्थ कष्ट, हालअपेष्टा. जुन्या इंग्रजीतही एक होता, अर्थ तोच. इंग्रजांनी तो शब्द हरवला, हाल दुसऱ्या शब्दांनी चालू ठेवले. आणि आणखी मागे गेलं की मुळाशी काय सापडतं? ग्रीकमध्ये ‘ऑर्फानोस’, म्हणजे अनाथ. लॅटिनमध्ये ‘ऑर्बुस’, म्हणजे पोरका. आणि संस्कृतात? संस्कृतात ‘अर्भ’. आपलं अर्भक! आईबाप गेलेलं लहान मूल, दुसऱ्याच्या दारात राहतं आणि मिळेल ते काम करतं. तिथून गुलाम, गुलामापासून वेठ, वेठीपासून काम, कामापासून रोबोट. म्हणजे मामा, हे जे तुमच्या खोक्यात आहे ना, त्याचं आणि अर्भकाचं कूळ एक.

मामाने ताट जरा बाजूला सारलं. मग त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला मला दिसला.

“लेकरूच हाय म्हणा की मग.”

“मुळात लेकरूच.”

“मग लेकराला काय भ्यायचं,” असं म्हणून तो उठला. ताटातली पोळी तशीच होती. “लई वाचलंय सर तुम्ही.”

मी पाऊण तास बोललो होतो. त्यात दहा-बारा भाषा आल्या. ‘तीन ते आठ’ हे तीन शब्द आले नाहीत.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा होते, सगळ्यांकडेच होते. पण त्या वर्षी खास होती. रोबोटभोवतीच्या जाळीच्या कुंपणासमोर रोबोटचीच रांगोळी काढली होती. ती ओळखू यावी म्हणून खाली ‘रोबोट’ असं लिहिलंही होतं. जर्मनीहून आलेल्या दोघांना फेटे बांधले. एकाचा फेटा कानावर घसरत होता आणि तो भारतीय संस्कृतीबद्दलच्या आदरापोटी त्याला हात लावत नव्हता. रोबोटच्या नारिंगी हाताला हळदीकुंकू लागलं. झेंडूचा हार घालायला निघाले तेव्हा ज्या कंपनीने तो बसवला तिची इंजिनिअर, चिपळूणकडची एक तरतरीत मुलगी, मध्येच आडवी आली. “हार नको, हार नको! केबलमधे अडकंल!” शेवटी हार कुंपणाला घातला.

भाषण माझं होतं, प्लँट हेडच्या तोंडून. त्यात मी स्लोव्हाक आणि पोलिश ठेवले आणि चेक गाळला. ऑस्ट्रिया गाळला, रशियन गुलाम गाळला. वर एक भर घातली, ‘रोबोट हा आपल्या राबणे या शब्दाचा युरोपात गेलेला भाऊ आहे.’ हे नातं मला कुठल्याही कोशात सापडलेलं नाही. ते कानाला गोड लागतं एवढाच त्याला आधार. एरवी कुणी असं बोललं असतं तर मी त्याची साल काढली असती. त्या वाक्याला सर्वांत मोठ्या टाळ्या पडल्या. फेटेवाल्यांनीही वाजवल्या.

आणि नारळ. पहिला नारळ नोकरीत सर्वांत ज्येष्ठ असलेल्या वेल्डरने वाढवावा, ही कल्पना माझी होती. मी ती मीटिंगमध्ये मांडली तेव्हा प्लँट हेड म्हणाले, “व्हेरी सेन्सिटिव्ह.” मलाही तसंच वाटलं होतं. काहीतरी भरपाई केल्यासारखं.

मामा नवा शर्ट घालून आला होता. पोरांनी लगेच सुरू केलं.

“मामा, दमानं! त्याच्या डोक्यात घालाल.”

“घालू द्या राव, वॉरंटी हाय त्याला. मामाला नाय.”

“मामा, आत्ताच फोडून घ्या. नायतर नंतर हातात देतील.”

सगळ्यांत जास्त मामा हसला. त्याने एका फटक्यात नारळ वाढवला, पाणी कुंपणाच्या पायथ्याशी सोडलं आणि रोबोटला हात जोडले. फोटोत मी त्याच्या मागे आहे. मी टाळ्या वाजवतोय.

त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये तो माझ्या दोन सीट मागे बसला होता. मोशीच्या चौकात बस अडकली आणि त्याचा फोन मला ऐकू आला. समोर भोसरीवाला असावा.

“न्हाई रे भावा, मी नाय येत. आरं, मानाचा नारळ मला दिला आज. मॅनेजरच्या बी आधी. काढायचं असतं तर मान कशाला दिला असता? तूच सांग.” मग थोडं थांबून, “आन् आमचे सर हायेत ना, ते कागद वाचत्यात सगळे. त्यांनी बी सांगितलं, काय भ्यायचं कारण नाय.”

मी असं म्हणालो नव्हतो. पण तसं झालं नाही असं म्हणायला मी मागेही वळलो नाही. दसरा दुसऱ्या दिवशी होता, भोसरीवाल्याची मुदत अजून संपलेली नव्हती. दोन सीटचं अंतर होतं आणि चौक मोकळा व्हायला वीस मिनिटं लागली. मी खिडकीतून एका गृहप्रकल्पाची जाहिरात वाचत होतो. ‘येथे आयुष्य घडतं.’ क्रियापद एकवचनी आहे आणि बरोबर आहे, हे मी तपासून पाहिलं.

दसऱ्यानंतर रोबोटचं शिक्षण सुरू झालं. त्याला खरोखरच शिकवावं लागतं, शॉपवर त्याला टीचिंगच म्हणतात. ती इंजिनिअर हातात एक जाड कंट्रोलर धरून रोबोटचा हात एकेका जागी नेऊन ठेवायची आणि तो बिंदू साठवायची. पण वेल्डिंगचा टॉर्च कुठे किती तिरका धरायचा हे तिला माहीत नव्हतं. ते मामाला माहीत होतं. त्याला रोज दोन तास तिच्याकडे सोडलं. दुसऱ्या एका वेल्डरने “मला जमत नाय” म्हणून अंग काढून घेतलं होतं. त्याला जमत होतं. शिकवून झालं की काय होणार, हे त्याला कळतही होतं.

मामाने काही राखून ठेवलं नाही.

“ताई, त्याचा हात जरा मागं घ्या. पळायलंय ते.”

“स्पीड कमी करू, मामा?”

“स्पीड ऱ्हाऊ द्या. कोपऱ्यावर दम खाऊ द्या त्याला. शेवटी एकदम उचलायचं न्हाई, खड्डा पडतोय. जरासं थांबायचं, भरायचं, मग उचलायचं.”

“हं. आता?”

“आता बरं हाय. लेकरू हाय, शिकंल.”

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, तो थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता. त्याने घरीही सांगितलं होतं, रोबोट म्हणजे अर्भक, आमच्या सरांनी पुस्तकात बघून सांगितलं. डिसेंबर सरता सरता रोबोट शिवणीच्या शेवटी किंचित थांबायला लागला, मामासारखाच. सुपरवायझर आता नव्या माणसाला दाखवायला रोबोटचा पीस आणू लागला.

फेब्रुवारीत एचआरने सहा जणांना बोलावलं. होसूरच्या प्लँटला बदली किंवा राजीनामा. पत्र मराठीत होतं. मी लिहिलेलं. त्यात ‘पुनर्रचना’ होती आणि ‘आपल्या कौशल्याचा सन्मान राखून’ असंही होतं. मामाची मुलगी अकरावीत होती, बायको चऱ्होलीच्या एका शाळेत खिचडी शिजवायची. होसूर म्हणजे कुठे, हे त्याने मलाच विचारलं. मी नकाशावर दाखवलं. तिथे कुठली भाषा बोलतात हेही सांगितलं, तमिळ, थोडी कन्नड, थोडी तेलुगू. एवढं सांगून मी थांबलो, ही त्या वर्षातली माझी एकमेव प्रगती. त्याने राजीनाम्यावर सही केली. भोसरीच्या शेडमध्ये फोरमन दसऱ्याच्याच दिवशी रुजू झाला होता, दुसराच कुणी.

जुलैत मी लाइनवर एका पाटीचं माप घ्यायला गेलो होतो. रोबोटच्या कुंपणाचं दार उघडं होतं, रोबोट थांबवलेला होता आणि आत एक माणूस वाकून त्याच्या टॉर्चचं तोंड पुसत होता. कंत्राटदाराच्या माणसांचा करडा शर्ट. तो मामा होता.

“सर,” तो म्हणाला. आनंदानेच म्हणाला.

वेल्डिंगच्या ठिणग्यांचे कण टॉर्चच्या नोझलमध्ये साचतात, ते काढावे लागतात. हे आपोआप करणारं यंत्र मिळतं, पण ते वेगळं घ्यावं लागतं आणि आमच्या ऑर्डरमध्ये ते नव्हतं. म्हणून ठरावीक वेळाने कुणीतरी आत जाऊन नोझल खरवडायचं, पुसायचं, आतून द्रव फवारायचा. बाळाचं नाक साफ करावं तसं दिसत होतं ते. ही उपमा मला लगेच सुचली, आणि सुचल्याची लाज वाटली.

मी ठरवलं, आता बोलायचं.

“मामा, त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मला माहीत होतं.”

“काय?”

“तीन ते आठ जाणार, ते. कागद आठवडाभर आधीच माझ्याकडे आला होता.”

तो नोझल फिरवून फिरवून बघत होता. “हां,” तो म्हणाला. “नंतर वाटलंच मला.”

“त्याच वेळी नीट का नाही विचारलंत मला? सरळ?”

“एकदा इचारलं होतं की. वेठ कुणाची म्हणून.” त्याने नोझलवर फुंकर मारली. “तुम्ही एवढं जीव लावून सांगत होता, सर. एवढ्या देशांचं. मधीच कसं तोडायचं माणसाला.”

 सॉरी म्हणावं असं मनात आलं. त्या शब्दाचं कूळही मला माहीत आहे, म्हणून तो तोंडातून निघेना. मी नकळत एक पाऊल पुढे टाकलं असावं.

“पाय मागं घ्या,” मामा म्हणाला. “पिवळ्या पट्टीच्या आत यायचं न्हाई. पाटी लावलीय बघा.”

पाटी माझीच होती. मी पाय मागे घेतला. मामा बाहेर आला, दार लावलं, बटण दाबलं. रोबोटने हात उचलला, सांध्यावर टेकवला, शिवण घातली. शेवटी किंचित थांबला, भरलं आणि मग उचललं. मामाने ते पाहिलं आणि पुढच्या कुंपणाकडे गेला. तोवर तिथे दुसरा रोबोटही आला होता.

मॅन्युअलच्या देखभालीच्या प्रकरणात नोझल साफ करण्याचं काम एका तक्त्यात दिलेलं आहे. ‘आवश्यक कौशल्य’ या रकान्यात तिथे ‘नाही’ असं लिहिलं आहे. भाषांतर अचूक आहे, मी मूळ जर्मनशी दोनदा ताडून पाहिलं.